साहेबांचे चोवीस लंगोट

टोमणा मारायला माझी ना नाही. पण मारण्याआधी माणसानं बघून घ्यावं, की समोरचा तो उचलून आपल्याच गळ्यात तर बांधणार नाही. मी बघितलं नाही. तिथून सगळं सुरू झालं.

आमच्या सूनबाईंनी घरातली वापरून फेकायची प्रत्येक वस्तू हद्दपार करायचं मनावर घेतलं होतं. चांगलं काम आहे, मी आडवा आलो नाही. प्लास्टिकचे ब्रश गेले, लाकडी आले. दात घासताना झाडावर चढल्यासारखं वाटायचं, पण मी बोललो नाही. कागदी रुमाल गेले, कापडी आले. भांडी घासायचा स्पंज गेला आणि त्याच्या जागी वाळलेलं घोसाळं आलं. ते मी पहिल्याच दिवशी 'भाजी वाळून गेली' म्हणून फेकून दिलं आणि वर बोलणी खाल्ली. दाढीचं फेकायचं रेझर जाऊन लोखंडी आलं. तेव्हापासून आमच्या घरात सकाळी 'दाढी झाली का' असं कुणी विचारत नाही. 'रक्त थांबलं का' असं विचारतात.

तर एका रविवारी सकाळी सूनबाईंनी कचऱ्याचा डबा बैठकीच्या खोलीत आणून सगळ्यांना दाखवला. बघा म्हणे, किती कमी झाला. मी चहा पीत होतो. चहा पिताना माझी जीभ सैल सुटते, हे आमची ही गेली चाळीस वर्षं सांगतेय.

मी म्हटलं, "कमी झाला, खरंय. पण अर्धा डबा भरलेलाच आहे. आणि तो काही माझ्या ब्रशानं भरलेला नाही. साहेबांच्या डायपरनं भरलाय."

साहेब म्हणजे आमचा नातू. वय वर्षं शून्य, महिने सात. दुपारी झोपतात, मनासारखं झालं नाही की ओरडतात आणि त्यांनी केलेलं दुसऱ्यांना निस्तरावं लागतं. साहेब हे नाव मी ठेवलं.

सूनबाईनं डब्याचं झाकण लावलं. शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे बाबा. कापडी लंगोट वापरायला मला आवडेल. पण धुणार कोण?"

"त्यात काय एवढं? माझा जन्म लॉन्ड्रीत गेला."

खुर्चीत बसलेल्या आमच्या हिला ठसका लागला. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ही खुर्चीतूनच घर चालवते. पाय गेला पण तोंडाला कसरत मिळते. ठसका कशाचा ते मला कळलं. कारण घरात ती एक गोष्ट फक्त हिलाच ठाऊक होती.

ती म्हणजे अशी. चौतीस वर्षं मी लॉन्ड्रीत होतो, पण इस्त्री खात्यात. धुलाई खातं मागच्या बाजूला, इस्त्री पुढं. मधे पत्र्याची भिंत. तिकडून कपडे धुऊन यायचे, इकडं आम्ही कडक करून द्यायचो. पाण्यात हात घालायचा प्रसंग एकदाही आला नाही. लोक विचारायचे, हा डाग कसा जाईल? मी मान हलवून म्हणायचो, अवघड आहे. तेवढ्यावर माझं नाव झालं.

"ठीक आहे," सूनबाई म्हणाली. "पुढच्या सोमवारपासून माझं ऑफिस नेहमीसारखं सुरू. हा आठवडाही मला कामं समजून घ्यायला रोज जायचंच आहे. हे पाच दिवस बाळ तुमच्याकडं. कापडी लंगोटावर. जमलं तर तो तुमच्यापाशीच राहील. नाही जमलं, तर शनिवारी मी पाळणाघराचा फॉर्म भरून येते. मग नाराज व्हायचं नाही."

आता आतली गोष्ट सांगतो. गेला महिनाभर घरात पाळणाघराचं नाव निघालं की माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. रिटायर झाल्यापासून मी घरात शिरलो काय, बाहेर गेलो काय, कुणाचं काही अडत नाही. हे एकच माणूस असं, की मी दारात दिसलो की दोन्ही हात वर करतं. ते माणूस सकाळी नऊ ते सहा दुसऱ्याच्या दारात ठेवायचं?

मी म्हटलं, "पाच दिवस कसले, पाच वर्षं सांभाळतो."

ही म्हणाली, "आधी दुपारपर्यंत बघा."

जुन्या चादरी फाडून हिनं चोवीस लंगोट कापून दिले, बंदांसकट. सोमवारी सूनबाई गेली आणि मी पहिला लंगोट नेसवायला घेतला. चौतीस वर्षांची सवय हातात बसलेली. साहेबांना पालथं घातलं, डावी बाजू आत, उजवी बाजू आत, खालून वर घडी. शर्टाची घडी जशी घालतात तशी. दिसायला इतकं सुंदर, की काचेच्या कपाटात ठेवावं. साहेबांनी एक पाय झाडला आणि घडी जमिनीवर. दुसरी घातली, ती पण जमिनीवर. तिसऱ्या वेळी साहेबांनी घडी पडायची वाटसुद्धा बघितली नाही, माझा शर्ट भिजवला.

"अहो, ते पोर आहे, पार्सल नाही," ही खुर्चीतून म्हणाली. "त्रिकोण करा. दोन टोकं पोटावर, एक पायांतनं वर. आता बांधा. गाठ मारताय की फाशी देताय?"

संध्याकाळपर्यंत मला त्रिकोण आला. धुलाईचं तेवढं राहिलं होतं. मशीन होतंच, त्यामुळं ती काळजी नव्हती. पण सुती कापड वाळलं की कडक होतं. साहेबांच्या अंगाला टोचू नये, असं मला वाटलं. समोरच्या दारातल्या मावशी सल्ला द्यायला कायम उंबऱ्यात उभ्या असतात. त्या म्हणाल्या, "कपडे मऊ करायचं निळं पाणी मिळतं बघा बाटलीत. एक झाकण घाला, लोण्यासारखं होतं." मी म्हटलं, एका झाकणानं लोणी होत असेल, तर नातवाला कशाला कमी करा? चार झाकणं घातली.

लोणीच झालं. वासही फुलासारखा. मंगळवारी सकाळी मी मोठ्या तोऱ्यात लंगोट नेसवला. दहा मिनिटांत साहेबांनी काम केलं आणि सगळं पाणी लंगोटावरून घरंगळत सरळ गादीवर. लंगोट कोरडा. दुसरा बांधला, तसंच. कापड कोरडं, पोर कोरडं, गादी ओली. साठ-सत्तर वर्षांत असा चमत्कार मी पाहिला नव्हता.

हिनं चमचाभर पाणी मागवलं आणि लंगोटावर ओतलं. थेंब मोत्यासारखा वर उभा राहिला. हिनं तो जरा वेळ बघितला. मग मला म्हणाली, "तुम्ही याचा रेनकोट केलाय."

मावशी उंबऱ्यातून म्हणाल्या, "मी एक झाकण म्हटलं होतं."

चोवीसच्या चोवीस लंगोट मोठ्या पातेल्यात उकळले. घरभर फुलांची वाफ. संध्याकाळी सूनबाईनं येऊन विचारलं, "वास कसला येतोय?" मी म्हटलं, "स्वच्छतेचा."

बुधवारपासून लंगोट पाणी पिऊ लागले, पण वाळेनात. आभाळ आलेलं. घरात दोऱ्या बांधल्या तर हिची खुर्ची वळेना. मी समोरच्या गॅलरीत कपडे टाकले. अर्ध्या तासात सेक्रेटरी दारात. हा माणूस आमच्या बिल्डिंगचे नियम लिहितो, टाइप करतो, चिकटवतो आणि मग ते कोण मोडतं ते बघायला जिन्यात उभा राहतो.

"काका, दर्शनी भागात कपडे वाळत घालायचे नाहीत. नियम सोळा."

"लंगोट आहेत, बापू. लहान पोराचे."

"नियमात मापाचा उल्लेख नाही."

गच्ची आहे, पण गच्चीला कुलूप. किल्ली मिळायला अर्ज. अर्जाला वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं ना-हरकत पत्र, कारण गच्ची त्यांच्या डोक्यावर. मास्तर रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण लाल पेन अजून खिशात. साहेबांना कडेवर घेऊन मी अर्ज नेला. मास्तरांनी सात चुका काढल्या आणि म्हणाले, "पुन्हा लिहून आणा. अक्षर बरं आहे." घरी येऊन पुन्हा लिहिला. तेवढ्यात साहेबांनी दोनदा भिजवलं. दुसऱ्या खेपेला मास्तरांनी विचारलं, "गच्चीवर पावलांचा आवाज किती वेळा होईल?" मी म्हटलं, "दिवसातून दोनदा. चपला हातात घेऊन जाईन." त्यांनी तेसुद्धा अर्जात लिहून घेतलं. म्हणजे चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, कडेवर नातू, खांद्यावर ओले लंगोट, आणि हातात स्वतःच्या चपला. मावशी म्हणाल्या, "काका, तीर्थाला निघालात का?"

किल्ली देताना सेक्रेटरीनं आणखी एक कलम घातलं. मागं एकदा दोन घरांची एका चादरीवरून मारामारी झाली होती म्हणे. म्हणून गच्चीवरच्या प्रत्येक कपड्यावर घराचा नंबर हवा. मोठा, मधोमध, लांबून वाचता येईल असा.

इथं मात्र माझी कॉलर ताठ झाली. कपड्यावर खूण घालणं म्हणजे आमचा प्रांत. खरं तर तेसुद्धा काउंटरवरचा कारकून करायचा, पण मी रोज बघत होतो. रिटायर होताना आठवण म्हणून त्याच शाईची एक बाटली मी मागून आणली होती. न जाणारी शाई. घातली, वरून चांगली गरम इस्त्री फिरवली, की कापड फाटेल पण नंबर जाणार नाही. इस्त्री फिरवायची, हे लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं. माझी त्यात चूक नाही.

शुक्रवारी सकाळी अठरा लंगोट गच्चीवर अर्धे ओले, पाच भिजलेले, एक साहेबांच्या अंगावर. गच्चीवरचे मी खाली आणले. विचार केला, एका दगडात दोन पक्षी. नंबर घालू आणि इस्त्रीनं वाळवूही. ब्रशानं मधोमध दोनशे पाच, दोनशे पाच, असं अठरा वेळा लिहिलं. अक्षर बरंच आहे माझं, मास्तरांनी सांगितलंय. इस्त्री लावली. भिजलेले पाच धुवायला मशीन लावलं. ही म्हणाली, "पाणी तापवायचा हीटर चालू आहे हं." मी म्हटलं, "असू दे."

एक लंगोट झाला. दुसऱ्यावर इस्त्री टेकवली आणि फट्कन आवाज आला. घरातले दिवे गेले, जिन्यातले गेले, आणि लिफ्टमधून कुणीतरी "अरे" म्हणालं.

आमच्या मजल्याचा फ्यूज आणि लिफ्टचा फ्यूज एकाच पेटीत का, हे बिल्डिंग बांधणाऱ्याला विचारा. लिफ्टमध्ये कोण असावं? नंबर घातले की नाही ते तपासायला निघालेला सेक्रेटरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकला. जाळीतून त्याचे फक्त बूट दिसत होते. मी साहेबांना घेऊन जाळीपाशी उभा राहिलो. म्हटलं, एकटं वाटायला नको बिचाऱ्याला.

"काका, एका वेळी किती उपकरणं लावली होती?" बूट म्हणाले.

"नियम कितवा?"

"बावीस."

"बापू, तुम्ही बाहेर या, मग बोलू. घाबरू नका."

"मी घाबरलेलो नाही. पण कुणाला तरी बोलवा."

वायरमन यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात साहेबांनी तीन लंगोट संपवले. इस्त्री थंड, बाकीचे कपडे ओले. हाताशी होते ते नंबर घातलेलेच. बोट लावून बघितलं, शाई वाळल्यासारखी वाटली. बांधला. दिवे आले, पण मी इस्त्रीला पुन्हा हात लावला नाही, दुपारभर तेच बांधत राहिलो.

चारच्या सुमाराला लंगोट सोडला. साहेबांच्या बुडावर आमच्या घराचा नंबर. स्वच्छ, ठळक, काळाभोर. दोन एका गालावर, पाच दुसऱ्या गालावर, शून्य बरोबर मधोमध. फक्त उलटा उमटलेला, त्यामुळं वाचायला आरसा लागत होता.

पाण्यानं पुसलं. जाईना. साबण लावला. जाईना. ही म्हणाली, "तेल लावा." तेलानं तो चमकायला लागला. साहेबांना मजा वाटत होती, ते हसत होते. मी म्हटलं, "हसा. सोमवारी पाळणाघरात बसून हसा."

सूनबाई सहाला आली. मी साहेबांना दोन लंगोट, वर चड्डी, वर दुपटं असं गुंडाळून बसलो होतो.

"बाबा, एवढं का गुंडाळलंय?"

"गारठा आहे."

"तुम्ही बनियनवर आहात."

तिनं पोराला घेतलं, दुपटं काढलं, चड्डी काढली. दोन्ही लंगोट सोडले. मग तिनं विचारलं, "हे काय आहे?"

ही खुर्चीतून म्हणाली, "पत्ता."

सूनबाई हसली नाही. तिनं साहेबांना उचललं आणि डॉक्टरांकडं निघाली. मी मागून गेलो. जिन्यात सेक्रेटरी उभा होता, सकाळी लिफ्टमधून सुटलेला. त्याला काय झालंय ते कळल्यावर तो म्हणाला, "काका, नियम कपड्यांना होता. रहिवाशांना नव्हता."

डॉक्टर म्हातारे आहेत, हात हलका. त्यांनी साहेबांना पालथं केलं, चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "हरवला तर घरी पोचवायला बरं." मग कापूस घासून बघितला. "काही होत नाही याला. आठ-दहा दिवसांत आपोआप जाईल. फक्त ते लंगोट आता वापरू नका." मग पोराच्या मांड्यांच्या घड्या उघडून बघत बसले. "पुरळ नाही कुठं. एवढंसुद्धा लाल नाही. दिवसभर कोण बघतं याच्याकडं?"

मला वाटलं, आता नाव-गाव लिहून घेणार. शाळेतल्यासारखा मी हात वर केला. डॉक्टर 'हं' म्हणाले आणि हात धुवायला गेले.

शनिवारी सकाळी मी स्वतःच साहेबांची पिशवी भरली. दुधाची बाटली, झबली, टोपी, खुळखुळा, नंबर न घातलेले लंगोट. सूनबाईनं बघितलं. मी म्हटलं, "कबूल केलंय ना. मी पण येतो फॉर्म भरायला. उचलून न्यायला माणूस लागेल." उचलून न्यायला माणूस लागत नव्हता, सात महिन्यांचं पोर ते.

पाळणाघर चांगलं होतं, उगाच वाईट कशाला म्हणू? भिंतीवर हत्ती काढलेले, फरशी चकचकीत, बाईंचा आवाज गोड. बाईंनी फॉर्म दिला. म्हणाल्या, "रोजचे तीन डायपर पाठवा. दहा, एक आणि चार वाजता बदलतो."

सूनबाईनं विचारलं, "आणि मधे ओला झाला तर?"

"मधे कळत नाही ना. बाहेर काही येत नाही, पोर रडत नाही. तोच तर फायदा आहे."

"पण ओला झाला तर?"

"मधे आम्ही उघडून बघत नाही," बाई हसून म्हणाल्या. "वीस मुलं आहेत."

त्यांचंही बरोबर होतं. वीस साहेब म्हणजे खेळ नाही, मला एकानं जेरीस आणलं होतं. सूनबाई फॉर्म हातात धरून जरा वेळ हत्तीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "घरून भरून आणते."

रस्त्यावर आलो. साहेब माझ्या खांद्यावर. ती भरभर चालत होती. मला वाटलं, आता खरा हिशेब निघणार. कोपऱ्यावर आल्यावर तिनं विचारलं, "बाबा, काल किती वेळा बदलला होता तुम्ही?"

मी मनात मोजलं. खोटं बोलायचा धीर झाला नाही. म्हटलं, "चौदा."

ती थांबली. "चौदा?"

"हो. चादर जुनी आहे ना, पातळ, लगेच पार होतं. आणि पाणी पिईनात ते, तेव्हा मंगळवारी तर अठरा झाले होते. त्या निळ्या पाण्यापायी. ती चूक माझीच. आणि खरं सांगू का पोरी, मला धुवायचं काही येत नाही. मी इस्त्री खात्यात होतो."

"मला माहीत आहे. आईंनी लग्नाच्या आधीच सांगितलं होतं."

म्हणजे बघा. मी सहा वर्षं या पोरीसमोर डागांकडं बघून 'अवघड आहे' म्हणत होतो.

तिनं फॉर्मची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. म्हणाली, "बाहेर नेताना आणि रात्री दुकानातले डायपर. तेवढे चालतील, मी फार ताणणार नाही. दिवसभर कापडी. नवे लंगोट मी आणते, जाड कापडाचे. सोमवारी मी साडेआठला निघणार. तुमची दाढी, चहा, पेपर सगळं त्याच्या आत व्हायला पाहिजे."

शहाण्या माणसानं लगेच 'हो' म्हणू नये, भाव उतरतो. मी म्हटलं, "बघू. सोमवारी मला दुसरं काही काम आहे का ते बघावं लागेल."

"आहे का?"

"नाही."

ती पुढं चालू लागली. आपल्या बाजूनं निकाल लागलाय हे साहेबांना कळलं असावं, कारण खांद्यावर ऊब पसरली, मग पाठीवर, मग कमरेपर्यंत. मी तिथंच फुटपाथवर, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो, साहेबांना मांडीवर घेतलं आणि पिशवीतून कोरडा लंगोट काढला. येणारी-जाणारी माणसं बघत होती. त्रिकोण केला, दोन टोकं पोटावर, एक पायांतून वर. चौतीस वर्षांत मी एकही कपडा जाळला नाही आणि मला कधी बढती मिळाली नाही. आज मिळाली होती, आणि कामाला उशीर करून चालणार नव्हतं.